मांडणीआडची रेंज

ही गोष्ट मी कुणालाही सांगायची नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. आई म्हणाली, "घरातलं बाहेर कशाला?" बाबा म्हणाले, "निदान नावं तरी घेऊ नकोस." म्हणून मी नावं बदलली आहेत. माणसंही बदलली आहेत. आता ती साळिंदरं आहेत. साळिंदरांना सहसा कुणी जवळून बघत नाही.

तर बालमित्रांनो! मी स्वतः नववीत आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याने असंच म्हणायचं असतं. माझा आवाज लहान आहे. मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरका.

एका जंगलात वाघालासुद्धा फोनवर बोलायचं झालं तर माळावर जावं लागे. त्या जंगलात, करवंदीच्या जाळीखाली, एका साळिंदर कुटुंबाचं बीळ होतं. बाबांचं नाव काटेराव. आईला सगळे काटेवहिनी म्हणत. त्यांना एकच मुलगी, टोची.

टोची फार लाजाळू होती. शाळेत हजेरी घेताना ती "हजर" असं मनात म्हणायची. त्यामुळे वर्षअखेरीला ती वर्गात पहिली आली, पण हजेरीपटाप्रमाणे ती शाळेत आलीच नव्हती. बक्षीस कुणाला द्यायचं यावर गुरुजींनी बराच विचार केला.

बिळाला दार एक आणि खिडकी एक. दार टेकडीच्या पोटाकडे होतं. खिडकी नदीकडे होती. नदीपलीकडे मोबाइलचा टॉवर होता. खिडकीतून तो अगदी समोर दिसला असता. पण खिडकीत मांडणी होती.

मांडणी म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांसाठी सांगते. भांडी मांडून ठेवायचं लोखंडी कपाट, पण दार नसलेलं. आईच्या मांडणीत खालपासून वरपर्यंत स्टील होतं. खाली हंडे, मग पातेली, मग डबे, मग ताटं उभी करून, आणि सगळ्यात वर वाट्यांचा मनोरा. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. कुणी दिलं, कशाला दिलं, कोणत्या साली दिलं. ही भांडी वापरायची नसत. वापरायची भांडी चुलीपाशी होती, काळी आणि चेपलेली. मांडणीतली भांडी पुसायची असत.

बाकीचे लोक मांडणी भिंतीला लावतात. आईने ती खिडकीत लावली होती, कारण खिडकीखालून पाणवठ्याची वाट जात होती. सकाळी ऊन पडलं की सगळी मांडणी लखलखायची. पाण्याला निघालेल्या हरिणी डोळ्यांवर पाय धरून म्हणायच्या, "काटेवहिनींचं घर!" आई हे आतून ऐकायची आणि अजून एक ताट पुसायची.

आता रेंजचं सांगते. बिळात रेंज नव्हती. दाराशी, पिठाच्या डब्यावर उभं राहून, एक पाय उचलून, फोन पाठीवरच्या सगळ्यात लांब काट्यात खोचला, तर एक काडी यायची. बाबा असेच बोलायचे. "हॅलो! हो! काय? कोण गेलं? कुठे गेलं? गेलं म्हणजे गावाला की..." आणि काडी जायची. मग घरातले सगळे दिवसभर सुतकी चेहरा करावा की नाही याचा विचार करत बसायचे.

स्पष्ट बोलायचं तर माळावरच्या वारुळावर जावं लागे. तिथे पूर्ण रेंज होती, म्हणून तिथे पूर्ण जंगल होतं. एक जण वारुळावर चढून बोलायचा आणि बाकीचे रांगेत उभे राहून ऐकायचे. रानडुकराला मूळव्याध झाली, हे त्याच्या बायकोच्या आधी सशाला कळलं ते असं.

अशा दिवसांत एका सोमवारी एक पत्र आलं.

टोचीने 'रानवाणी' नावाच्या रेडिओकडे गुपचूप एक निबंध पाठवला होता. नाव होतं, 'माझे बीळ, एक शांत जागा'. तो निवडला गेला. पत्रात लिहिलं होतं, "येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही आपणास फोन करू. आपण निबंध फोनवरून वाचावा. तो थेट प्रसारित होईल. तीन वेळा प्रयत्न करूनही फोन न लागल्यास ही संधी दुसऱ्या क्रमांकाच्या कुमारी मैना हिला देण्यात येईल."

टोचीने ते पत्र सात वेळा वाचलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठ्याने म्हणावंसं वाटलं. कारण यात कुणाला दिसायचं नव्हतं. एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून वाचायचं, आणि ते सगळ्या जंगलाने ऐकायचं. लाजाळू माणसासाठी याहून चांगली सोय कुणी काढलेली नाही.

फक्त घरात रेंज हवी होती. नाहीतर वारूळ. वारुळावर चढून, रांगेसमोर, सशासमोर. टोचीने तसं नुसतं मनात आणलं तरी तिचे काटे उभे राहायचे आणि पाठीमागची उशी फाटायची.

"काळजी करू नकोस गं," बाबा म्हणाले. "रेंजचं मी बघतो."

बाबांनी वारुळावरून टॉवरच्या कचेरीत फोन लावला. तिथे हुप्प्या वानर बसायचा.

"नमस्कार. आपल्याला काय मदत करू?"

"घरात रेंज येत नाही."

"सर, आत्ता आपण घरात आहात का?"

"घरात असतो तर फोन लागला असता का?"

"म्हणजे आत्ता रेंज आहे."

"आहे, पण मी वारुळावर आहे!"

"सर, ज्या जागेची तक्रार आहे त्याच जागेवरून फोन करावा लागेल."

मागून ससा म्हणाला, "काटेराव, बीळच उचलून इकडे आणा. आम्ही हात लावतो." रांग हसली. बाबा खाली उतरले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "तक्रार घेतली म्हणून समज."

मग बाबांनी कुठेतरी ऐकलं की थाळी लावली की रेंज ओढली जाते. त्यांनी आईकडे थाळ्या मागितल्या. आईने मांडणीतल्या दिल्या नाहीत, नव्या आणून दिल्या. बाबांनी त्या सुतळीने छताला टांगल्या. आता दाराची ती एक काडीही गेली. शिवाय वारा आला की रात्रीच्या जेवणाला बोलावल्यासारखा आवाज यायचा आणि टोचीचा मामा, जो शेजारीच राहतो, हात धुऊन यायचा.

आता तुम्ही विचाराल, की खरं कारण कुणालाच कळलं नाही का?

टोचीला कळलं होतं. ती हुशार होती. तिचं लक्ष सगळीकडे असायचं. जे बोलत नाहीत त्यांना दुसरा उद्योग नसतो. दसऱ्याआधी आईने सगळी मांडणी रिकामी करून भांडी नदीवर घासायला नेली होती. त्या दिवशी घरात फोन सारखा वाजत होता. बाबा म्हणाले, "सणाचे फोन." टोचीने खिडकीकडे पाहिलं. खिडकी मोकळी होती आणि टॉवर समोर उभा होता. संध्याकाळी भांडी परत लागली आणि फोन गप्प झाला. टोचीला दोन आणि दोन चार करता येत होते. ते चार कुणाला सांगता येत नव्हते.

तरी तिने प्रयत्न केला. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आईजवळ गेली आणि बोलण्याआधी घसा साफ केला.

"सर्दी झाली का?" आई म्हणाली, आणि तिला अडुळशाचा काढा दिला.

संध्याकाळी तिने पुन्हा घसा साफ केला. पुन्हा काढा. गुरुवारपर्यंत टोची सात कप काढा प्यायली होती आणि मांडणी जागच्या जागी होती.

शुक्रवारी बाबांनी खवलेकाकांना आणलं. खवलेकाका म्हणजे खवलेमांजर. मोबाइलमधलं त्यांना सगळं कळतं असा जंगलाचा समज होता, कारण त्यांनी एकदा पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरून सुरू केला होता.

काका फोन पुढे धरून बिळात हळूहळू चालले. मांडणीपाशी थांबले. फोनवर फुली आली. त्यांनी मान वर केली. मांडणीत त्यांना स्वतःचेच पन्नासेक चेहरे दिसले.

"हं," काका म्हणाले.

"काय हं?" आई म्हणाली. तिच्या हातात फडकं होतं.

"नाही म्हणजे वहिनी, स्टील असलं ना, की त्या लहरी..."

"या परातीचं म्हणताय का? माझ्या लग्नात मोठ्या मामांनी दिली. बघा ना, नाव आहे."

काकांनी नाव वाचलं. "अक्षर सुरेख घातलंय."

"चहा ठेवू ना भाऊजी?"

"ठेवा."

निघताना दारात काका बाबांच्या कानाशी लागले. "काटेराव, मांडणी हलवायला पाहिजे."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"मग सांग ना वहिनींना."

"तूच सांग."

"मी आत्ताच त्यांचा चहा प्यायलोय!"

टोची दाराआड उभी होती. तिला धक्काच बसला. बाबांनाही माहीत होतं! घरात तिघांपैकी दोघांना माहीत होतं, एका पाहुण्याला माहीत होतं, आणि जिची मांडणी होती तिला सोडून कुणालाही सांगायला हरकत नव्हती.

शनिवारी दुपारी टोचीने ठरवलं. बोलता येत नाही ना, मग लिहावं. तिने शाळेत शिकवतात तसं व्यवस्थित पत्र लिहिलं आणि मांडणीतल्या मधल्या डब्यात ठेवलं. आई रोज सकाळी प्रत्येक भांडं पुसते. उद्या तिला ते सापडणारच.

बालमित्रांनो, आई भांडी बाहेरून पुसते, हे टोचीच्या लक्षात आलं नाही. मी तिला हुशार म्हटलं, ते शब्द मागे घेते.

रविवार उजाडला. आई पहाटेपासून खूश होती. मुलगी रेडिओवर बोलणार, म्हणजे घरी लोक येणार, म्हणजे मांडणी बघणार. मांडणीत दोन-तीन ठिकाणी फटी होत्या. आईने शेजारच्या घोरपडमावशींकडून चार पातेली मागून आणली आणि त्या फटी बुजवल्या. आता खिडकीतून रेंज सोडा, उजेडही येईना. आईने सकाळी दहाला कंदील लावला.

लोक आले. घोरपडमावशी, मामा, खवलेकाका. जे आत मावले नाहीत ते दाराबाहेर बसले. बेडकाने आपला रेडिओ बाहेर दगडावर ठेवला आणि आवाज मोठा केला. टोची ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एका हातात निबंध आणि एका हातात फोन घेऊन उभी राहिली.

अकरा वाजले. रेडिओवरून निवेदक भारद्वाजाचा जाड आवाज आला. "श्रोतेहो, आता आपण फोन करू या कुमारी टोची हिला."

टोचीने फोनकडे पाहिलं. फोनने टोचीकडे पाहिलं.

"आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता," रेडिओ म्हणाला, "ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत."

"हिला काय झालं बाहेर जायला?" घोरपडमावशी म्हणाल्या. "ही तर इथेच आहे."

बाबा पिठाच्या डब्यावर चढले. आईने परातीवरचा एक बोटाचा डाग पुसला. खवलेकाकांनी चहाच्या कपात पाहिलं.

"पुन्हा एकदा प्रयत्न करू या," भारद्वाज म्हणाला. पुन्हा तेच. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

टोचीच्या घशात ते वाक्य येऊन बसलं होतं. चारच शब्द होते. आई, मांडणी जरा हलव. आई तिच्यापासून दोन पावलांवर होती. टोचीने घसा साफ केला.

"अगं, काढा देऊ का?" आई म्हणाली.

"श्रोतेहो, आता शेवटचा प्रयत्न. दरम्यान कुमारी मैना यांनी तयार राहावं."

"टोचे, वारुळावर चल!" बाबा ओरडले. त्यांनी डब्यावरून उडी मारून दार सताड उघडलं. "पळ! अजून वेळ आहे!"

बाहेर जंगल बसलं होतं. ससा होता, डुक्कर होतं, पाण्याला निघालेल्या सगळ्या हरिणी होत्या. सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. "आली! आली!" ससा म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता साळिंदराचं एक शास्त्र आहे. साळिंदर घाबरलं की काटे उभारतं, पाठ फिरवतं आणि उलटं पळतं. त्याला मागचं दिसत नाही. टोचीने काटे उभारले, दाराकडे पाठ केली, तेवढ्यात मागे बाबा आहेत असं आठवून पुन्हा गरकन फिरली, आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून उलटी धावली. थेट मांडणीत.

पुढचं मी लिहीत नाही. स्टीलची शंभर भांडी एकदम पडली की कसा आवाज होतो, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. वाट्या शेवटपर्यंत फिरत राहिल्या.

मग बिळात लख्ख ऊन आलं. खिडकीत टॉवर उभा होता. फोनवर पाचही काड्या आल्या आणि फोन वाजला. दचकून टोचीचा अंगठा बटणावर पडला.

"हॅलो!" भारद्वाज म्हणाला. "श्रोतेहो, फोन लागला! कुमारी टोची, करा सुरुवात!"

सुरुवात आईने केली.

"अगं बाई, माझी मांडणी! माझी परात! अहो, बघताय काय, धरा तो हंडा! मावशी, तुमचं पातेलं चेपलं नाही, ते आधीच तसं होतं. आणि हा डबा कुणी उघडला? यात हे काय आहे? पत्र? माझ्या डब्यात पत्र?"

टोची फोन धरून उभी होती. आई, हे सगळं रेडिओवर चाललंय, असं तिला सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

आईने पत्र उघडलं. आईला मनात वाचता येत नाही. ती मोठ्याने वाचते.

"ती. सौ. आईस, साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपली खिडकीतली मांडणी समोरच्या भिंतीला लावता येईल का? तिच्यामुळे रेंज अडते. हे मी दसऱ्याआधी पाहिलं होतं, पण सांगितलं नाही. तू ती रोज पुसतेस, हेही मी पाहते. म्हणून तुला वाईट वाटणार असेल तर मांडणी तिथेच राहू दे. मी निबंध वाचणार नाही, माझं काही अडत नाही. भांडी फार छान दिसतात. विशेषतः परात. तुझी नम्र, टोची."

एक वाटी अजून फिरत होती, ती थांबली.

"अगं," आई म्हणाली. "मग तोंडाने सांगायचं ना मला! मी काय वाघ आहे का?"

हे वाघानेही ऐकलं.

"एवढी परात मोठी झाली का गं मला तुझ्यापेक्षा? आठवडाभर काढा पीत बसलीस, त्यापेक्षा एक शब्द बोलली असतीस तर सोमवारीच हलवली असती. आणि अहो, तुम्हाला माहीत होतं का? भाऊजी, तुम्हाला?"

बाबा हंडा उचलण्यात गुंतले. खवलेकाकांनी अंगाचा चेंडू केला. खवलेमांजरांना ही एक सोय आहे.

"श्रोतेहो," रेडिओवर भारद्वाजाने नाक पुसल्याचा आवाज आला, "आपण ऐकलात कुमारी टोची यांचा निबंध, 'माझे बीळ, एक शांत जागा'. वेळ संपली आहे. नमस्कार."

त्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने मांडणी समोरच्या भिंतीला लावली. पाऊण तास लागला. त्यातली पंधरा मिनिटं परात कुठे ठेवायची यावर गेली. हरिणींनी दोन दिवस खिडकीत डोकावून विचारलं, "वहिनी, मांडणी विकली का?" तिसऱ्या दिवसापासून त्या आत येऊन बघू लागल्या आणि चहा पिऊन जाऊ लागल्या. आई म्हणते, हे जास्त बरं आहे.

टोचीला रानवाणीचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, "निबंधातील संवाद अतिशय जिवंत." तिचा खरा निबंध अजून कुणीही ऐकलेला नाही. तो चांगला होता. निदान मला तरी तसं वाटतं.

घरात आता पाच काड्या असतात, म्हणून निम्मं जंगल फोनला तिथेच येतं. वारुळावर गर्दी कमी झाल्यामुळे सशाला जंगलातल्या बातम्या कळेनात, तो सारखा काहीतरी निमित्त काढून बिळाशी येतो. आणि परवा भारद्वाजाचा फोन आला. "पुढच्या रविवारी पुन्हा वाचाल का? या वेळी स्वतः?"

टोचीने पाच काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय."

"काही तुटत नाहीये!" चुलीजवळून आई ओरडली. "मला इथे ऐकू येतंय!"

तात्पर्य : मुलांनो, मनातलं कधीही वेळेवर सांगू नये. टोचीने ते सोमवारीच सांगितलं असतं, तर आईने मांडणी निमूट हलवली असती. टोचीने रविवारी आपला निबंध नीट, बारीक आवाजात वाचला असता. आणि तो ऐकताना सगळ्या जंगलाला झोप लागली असती. म्हणून गप्प राहावं, काढा प्यावा आणि योग्य वेळी भांड्यांत पडावं.

आणखी एक तात्पर्य आहे, ते महत्त्वाचं आहे. घरातली रेंज सुधारण्याआधी नीट विचार करावा, कारण एकदा ती आली की आपल्याला न बोलण्याचं कारण उरत नाही, आणि मग

थांबा. आई हाक मारते आहे. माझाच फोन आहे म्हणते. रेडिओवाल्यांचा. अगदी स्पष्ट ऐकू येतोय म्हणते. तुमच्यापैकी कुणीतरी तिला जरा सांगा ना, की मी आत्ता